चिपटंभर गोळ्या

सात नंबरच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकून एक जपानी यंत्र उभं होतं, आणि त्याच्यापुढे पाट मांडून आनंदा जगदाळे रोज सकाळ-संध्याकाळ उजव्या हाताचा अंगठा झिजवत बसायचा. आधी टक्, मग वरून खाली टणटणटण, शेवटी मागच्या डब्यात टप्. की पुन्हा टक्. बोईसरच्या नवापूर नाक्याजवळच्या त्या बैठ्या चाळीतल्या लोकांना आधी ह्याची गंमत वाटली, मग आनंदाची कीव आली, आणि पुढे कान सरावले. बोईसरला माणूस कशालाही सरावतो. नाल्याला एक दिवस जांभळं पाणी येतं, दुसऱ्या दिवशी हिरवं, तरी कोणी मान वळवून बघत नाही. तिथे एका माणसाच्या टकटकीचं काय एवढं!

आनंदाचं मात्र सगळं त्या टकटकीवर होतं. ऑक्टोबर संपायच्या आत उजवा हात कामाचा झालाय हे दाखवता आलं नाही, तर कारखान्याच्या पटावरून त्याचं नाव जाणार होतं, आणि नावाच्या पाठोपाठ कारखान्याने दिलेली ही खोलीही. साल शहाऐंशी. दोघं नवरा-बायको, पदरी मूल नाही, गावाकडे भावांच्या वाटण्या होऊन गेलेल्या. जायचं म्हटलं तर कुठे जायचं, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता आणि दोघंही तो तोंडावर आणत नव्हते.

आनंदा मूळचा साताऱ्याकडचा, खटाव तालुक्यातला. बारा वर्षांपूर्वी आयटीआयचा कागद खिशात घालून तारापूरच्या एमआयडीसीत आला आणि रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून चिकटला. कारखान्यात दाब, उष्णता, पातळी दाखवणाऱ्या शेकडो तबकड्या असतात. त्या खरं बोलतात का, हे बघायचं त्याचं काम. काटा काढायचा, खात्यातल्या पक्क्या मीटरशी ताडून बघायचा, आणि बरोबर निघाला तर त्याला दोऱ्याने पिवळा टॅग बांधायचा. टॅगवर तारीख आणि सही. ज्याला टॅग नाही त्या काट्यावर विसंबायचं नाही, आणि तपासल्याशिवाय टॅग बांधायचा नाही, हे त्या खात्याचं सोवळं होतं. नव्या पोरांना आनंदा हे इतक्यांदा सांगायचा, की पोरं त्याच्या मागे त्याची नक्कल करायची.

मे महिन्यात वाफेच्या एका नळीवरचा काटा शून्यावर होता. काट्याला टॅग होता, टॅगवर आदल्या दिवशीची तारीख होती आणि खंडेरावची सही होती. खंडेराव म्हणजे आनंदाच्याच खात्यातला, रोज त्याच्या शेजारी बसून डबा खाणारा. आनंदाने टॅग बघितला आणि निर्धास्तपणे नळीचा सांधा सोडला. आत वाफ कोंडलेली होती, ती सगळी उजव्या हातावर आली. काटा शून्यावर अडकून बसला होता आणि त्याला कुणी हातही लावला नव्हता. टॅग तेवढा बांधला होता.

चौकशीत आनंदाने खंडेरावचं नाव घेतलं नाही. "काटा अडकला," एवढंच सांगितलं. भाजल्या भाजल्या त्याने दुसऱ्या हाताने टॅग तोडून नळीखालच्या गटारात टाकला होता, हे त्याने बायकोला, रत्नाबाईलाही, महिन्याभराने सांगितलं. खंडेरावच्या घरी दोन मुली लग्नाच्या. ह्याला कोणी मोठेपणा म्हणेल, कोणी मूर्खपणा. रत्नाबाई दुसरं म्हणायची, आणि दिवसातून दोनदा म्हणायची.

हात भरून आला, पण कातडी ओढली गेली आणि अंगठा आत वळेना. पाना धरता येईना, स्क्रू तर दूरच. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा हलता ठेवा, नाहीतर आहे तेवढाही जाईल. मुरब्याहून मासळी घेऊन येणारी तानी दारात टोपली उतरवून म्हणाली, "नुसता तेल चोलून काय व्हनार हाय, भाऊ? त्याला कायतरी काम द्या." आनंदाची नजर त्या वेळी माळ्यावर गेली. माळ्यावर ओकाडाची पेटी होती.

ओकाडा हा जपानी इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी नवीन मशीन बसवायला आला आणि आठ महिने कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर राहिला. बोईसरला संध्याकाळी करायचं काय, ह्या विवंचनेत त्याने घरून हे जुनं यंत्र मागवून घेतलं. पाचिंको म्हणतात त्याला. दाराच्या अर्ध्या फळीएवढी लाकडी चौकट, पुढे काच, काचेमागे शेकडो पितळी खिळे आणि मधे लहान लहान वाट्या. खाली उजव्या हाताला एक खटका. खटका अंगठ्याने दाबून सोडला की पोलादी गोळी चौकटीच्या कडेने वर उडते आणि खिळ्यांवर आपटत खाली येते. जपानात म्हणे दुकानांच्या दुकानं भरून लोक ह्याच्यापुढे बसतात. ह्या यंत्रातला बक्षिसाच्या गोळ्या देणारा भाग प्रवासात मोडला होता. गोळी वाटीत पडली की नुसती घंटी वाजायची. तेवढं आनंदाने दुरुस्त करून दिलं होतं, म्हणून जाताना ओकाडाने यंत्र त्यालाच देऊन टाकलं, वर पत्र्याच्या डब्यातून पाच-सहाशे गोळ्या.

गेस्ट हाऊसवर एकदा ओकाडाने घड्याळ लावून पैज घेतली होती. पंधरा मिनिटांत कोण जास्त गोळ्या मारतो? आनंदाने चारशे मारल्या. ओकाडाने वाकून नमस्कार केला, आणि बघायला बसलेल्या टिपणीस साहेबांनी टाळी दिली. टिपणीस म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण वरच्यांना उत्तर द्यायचं म्हटलं की त्याचा घसा कोरडा पडायचा.

तर पेटी माळ्यावरून खाली आली आणि आनंदाच्या अंगठ्याला काम मिळालं. पहिले पंधरा दिवस गोळी अर्ध्यावरूनच परत यायची. खटका पुरता दाबलाच जायचा नाही. दुखण्याने डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते दिसू नये म्हणून तो काचेच्या अगदी जवळ बसायचा. मग एक गोळी वर चढली. मग दहा. गोळ्या भरून द्यायचं काम रत्नाबाईचं. गावाहून आणलेलं पितळी चिपटं होतं, तांदूळ मोजायचं. त्या चिपट्याने डब्यातल्या गोळ्या काढायच्या आणि यंत्राच्या पन्हळीत थोड्या थोड्या ओतायच्या. जुलैअखेरीला पंधरा मिनिटांत पाव चिपटं व्हायला लागलं. मागे आलेल्या गोळ्या पुन्हा डब्यात टाकताना रत्नाबाई म्हणायची, "आज मूठभर जास्त हायेत." ती मोजणीतली बाई होती. शेजारणी कुकर लावून नळावर जायच्या त्या तिच्या भरवशावर. हात कशातही असला तरी कुणाच्या किती शिट्ट्या झाल्या ते ही कानाने बरोबर सांगायची.

ऑगस्टमध्ये आनंदा टिपणीस साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, हात येतोय. पाव चिपट्याचं आता तिसरा हिस्सा चिपटं झालंय."

टिपणीस हसले. "आनंदा, मी वर चिपट्यामापट्यात रिपोर्ट पाठवू का? आकडा दाखव. त्या वेळी पंधरा मिनिटांत चारशे मारल्या होत्यास, मी डोळ्यांनी बघितलंय. तेवढ्या परत मारून दाखव, मी स्वतः डॉक्टरांना लिहितो की ह्याला घ्या. पण आकडा हवा, आणि एकतीस ऑक्टोबरच्या आत हवा."

आनंदाला हे पटलं. आकड्यांचा माणूस तो. घरी येऊन त्याने वहीत आकृती काढली. गोळी जिथून मागच्या डब्यात पडते त्या तोंडाशी रिलेची एक पातळ पत्ती बसवायची. गोळी पडताना पत्ती दाबेल, पत्ती दाबली की सर्किट एक आकडा पुढे ढकलेल, आणि वर चौकटीवर चार लाल आकडे पेटतील. परत आलेली कच्ची गोळी मोजली जाणार नाही. वर चढून पुरी खाली आलेलीच मोजली जाईल. सामान मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून आणावं लागणार होतं. खंडेरावने यादी हातातून ओढूनच घेतली आणि रविवारी जाऊन सगळं आणून दिलं. खोलीवर आला की तो पाटावर बसायचा नाही, उंबऱ्याशीच उभा राहायचा. आनंदाच्या हाताकडे बघायचं टाळायचा. त्या दोघांत त्या टॅगचा विषय एकदाही निघाला नव्हता.

डाव्या हाताने तारांना कथलाचा डाग देणं म्हणजे काय, ते ज्याने दिलेत त्यालाच ठाऊक. कथील कुठेही ओघळायचं, तारा चिकटायच्या, एकदा तर पाटाला भोक पडलं. उजवा हात चिमट्यासारखा तारेवर नुसता ठेवायचा, दाबता यायचा नाही. आठवडाभर हे चाललं. शेवटी एक बारका कपॅसिटर लावायचा राहिला, पत्तीच्या दोन टोकांमध्ये. आनंदाने तीनदा डाग दिला, तीनदा निघाला. चौथ्यांदा त्याने वैतागून तो काडेपेटीत टाकला आणि म्हणाला, "उद्या लावू. आधी पेटतंय का बघू."

पेटलं. चार लाल शून्यं उजळली, आणि पहिली गोळी पडताच शेवटचं शून्य बदललं. आनंदाने रत्नाबाईला हाक मारली, शेजारची माणसं गोळा झाली, कुणी आकड्यांना हळद-कुंकू लावा म्हणालं. त्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत एकशे एकोणतीस झाले. एकशे एकोणतीस! आनंदाला वाटलं होतं साठ-सत्तर होतील. कपॅसिटर काडेपेटीत राहिला तो राहिलाच.

आता इथे आनंदाला दोन शब्द सुनावल्यावाचून पुढे जाववत नाही. कोणतीही पत्ती दाबली की ती एकदाच बसत नाही, बसल्यावर थरथरते. माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, पण सर्किटला दिसतं, आणि ते बिचारं थरथरणंही मोजतं. ते मोजू नये म्हणूनच तर तो कपॅसिटर. हे आनंदाला माहीत नव्हतं का? पोरांना शिकवताना फळ्यावर काढून दाखवायचा. दुसऱ्या कुणी असं यंत्र त्याच्यापुढे ठेवलं असतं तर त्याने आधी दहा गोळ्या हाताने मोजून टाकल्या असत्या. पण स्वतःच्या यंत्राला त्याने टॅग बांधला नाही आणि तपासलंही नाही. जो आकडा हवा होता तोच समोर पेटत होता. बुडत्याच्या हातात दोर आला तर तो दोराचे पीळ मोजत बसत नाही.

सप्टेंबरात आकडा दोनशे चाळीसवर गेला. दसऱ्याला तीनशे दहा. आनंदा दाढी करायला लागला. चाळीतले लोक येता-जाता विचारायचे, "आज किती?" आणि तो बोटं न दाखवता नुसता आकडा सांगायचा, शेअरबाजारवाल्यांच्या थाटात. रत्नाबाईने गौरीला बोललेला नवस फेडायची तयारी चालवली. टिपणीस साहेबांना निरोप गेला, की सव्वीस तारखेला रविवारी सकाळी दहाला येऊन बघा. ते येतो म्हणाले.

शनिवारी दुपारी शेवटची तालीम झाली. खटका मारून मारून अंगठा सुजला होता, पण पंधराव्या मिनिटाला आकडा होता चारशे चार. आनंदा उठून उभा राहिला आणि लहान पोरासारखा ओरडला, "झालं! रत्ना, झालं गं!"

रत्नाबाई हातात चिपटं घेऊन तशीच बसली होती. चिपट्याच्या तळाशी चार-पाच गोळ्या शिल्लक होत्या. "आवं," ती म्हणाली, "चारशे कसं? म्या तर अजून एक चिपटंबी पुरतं वतलं न्हाई. ह्यात चारशे मावत्यात व्हय?"

आनंदाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तो खाली बसला, चिपटं काठोकाठ भरून घेतलं आणि चादरीवर गोळ्या मांडायला लागला. दहा-दहाच्या ओळी. वीस ओळी झाल्या आणि वर तीन गोळ्या उरल्या. त्याने पुन्हा मोजल्या. दोनशे तीन. मग त्याने यंत्र शून्यावर आणून बोटाने एक गोळी पत्तीवर सोडली. आकडा झाला दोन. दुसरी सोडली, चार. तिसरीला सात.

दोन महिने. दोन महिने तो आणि सगळी चाळ एका थरथरत्या पत्तीचा आकडा वाचत होती. हात सुधारला होता, हे खरं. पासष्टावर होता तो दोनशेच्या घरात आला होता. पण दोनशे म्हणजे चारशे नव्हेत. आणि उरलेल्या पाच दिवसांत ते होणार नव्हते. कपाटावरची काडेपेटी काढून तो बघत बसला.

"आता काय करताय?" रत्नाबाईने विचारलं.

"लावतो हा. उद्या खरा आकडा दाखवतो. साहेबाला सांगतो, अजून दोन महिने द्या."

"अन् देनार त्यो?"

रत्नाबाई पुढ्यात येऊन बसली. तिचा आवाज खाली आला, शेजारी दिवाळीच्या चकल्या चालल्या होत्या म्हणून. "आवं, यंतर खोटं बोलतंय, तुमी कुठं बोलताय? तुमी नुसतं खटकं मारा. आकडा सायब वाचील. येकदा आत घेतलं की दोन-चार महिन्यांत हात यील की. न्हाई आला तर मग बगू. पन खोली तर ऱ्हाईल."

"रत्ना, अगं माझा हात कशानं गेला?"

"ठावं हाय कशानं गेला! ज्यानं न बगता टॅग बांधला त्यो आजबी पगार घेतोय, अन् तुमी हरिश्चंद्र व्हायला निगालाय. म्या कुटं जाऊ? तुमच्या भावाच्या वसरीला निजू?" आणि ती रडायला लागली, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता.

आनंदाने काडेपेटी सदऱ्याच्या खिशात घातली. कपॅसिटर लावला नाही.

रविवारी दहाला टिपणीस साहेब आले, मागे खंडेराव. चाळीतली माणसं दारा-खिडकीत. रत्नाबाईने साहेबांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि चिपटं घेऊन यंत्राच्या बाजूला बसली. तिने आनंदाकडे बघितलं नाही, आनंदाने तिच्याकडे बघितलं नाही. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. "हं, सुरू!"

आनंदा मारत होता. आयुष्यात कधी मारलं नसेल असं मारत होता. निदान हात तरी खोटा पडू नये म्हणून, की आपल्यालाच आपला आवाज ऐकू येऊ नये म्हणून, कोण जाणे. शंभर झाले, दोनशे झाले. खिडकीतली पोरं मोठ्याने आकडे वाचायला लागली. तीनशेला अंगठ्याच्या सांध्यातून कळ निघाली ती खांद्यापर्यंत गेली. घामाने सदरा पाठीला चिकटला. साहेब खुर्चीच्या कडेवर आले होते. "वा! आनंदा, वा!" ते मनापासून म्हणत होते, आणि आनंदाला तो प्रत्येक 'वा' कानाखाली बसल्यासारखा वाटत होता.

"थांब!" साहेबांनी घड्याळ खाली केलं. लाल आकडे होते चारशे बारा.

चाळीने टाळ्या पिटल्या. साहेबांनी खिशातून पेन काढलं, मांडीवर कागद घेतला. रत्नाबाईने डोळे मिटून हात जोडले. एवढ्यात खंडेराव उंबरा ओलांडून आत आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "साहेब, आता ह्याला आपल्या खात्याचा मान द्यायला पाहिजे," असं म्हणत त्याने सदऱ्यातून एक पिवळा टॅग काढला आणि त्या चार आकड्यांखालच्या खिळ्याला बांधायला लागला. टॅग तो घरूनच लिहून घेऊन आला होता. तारीख सव्वीस-दहा-शहाऐंशी. तपासले, बरोबर. खाली सही, तीच वळणदार.

आनंदाने ती सही बघितली.

"सोड तो!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की खिडकीतली पोरं मागे सरली. "बघितलंस का तू? एक तरी गोळी मोजून बघितलीस? घरूनच लिहून आणलास?"

"अरे आनंदा, कौतुकानं..."

"त्या दिवशी पण कौतुकानंच बांधला होतास का?"

खंडेरावचे हात दोऱ्यावर तसेच थांबले. टिपणीस साहेबांनी एकदा खंडेरावकडे बघितलं, एकदा आनंदाच्या हाताकडे, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. पण ते काही बोलायच्या आत आनंदाच बोलला. आता त्याला थांबता येत नव्हतं.

"साहेब, हे यंत्र दुप्पट दाखवतंय. एका गोळीला दोन, कधी तीन. मी ह्यात एक कपॅसिटर लावलेला नाही. मागच्या डब्यातल्या गोळ्या मोजा."

मोजल्या. साहेबांनी स्वतः मोजल्या, चादरीवर बसून. एकशे शहाण्णव. रत्नाबाई उठून मोरीपाशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

टिपणीस साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना रागावताही येईना. त्यांनी विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"काल."

"काल कळलं होतं, तर आज मला कशाला बोलावलंस?"

आनंदाने मान खाली घातली. साहेब चपला घालून निघाले. जाता जाता खंडेरावला म्हणाले, "उद्या आठला माझ्याकडे ये." खंडेराव नळापाशी जाऊन उभा राहिला, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि मग तोही गेला. टॅग जमिनीवर पडून होता.

सगळी पांगल्यावर रत्नाबाई वळली. आनंदाला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. "मोठा सत्यवादी!" ती म्हणाली. "खरं बोलायचं हुतं तर कालच बोलायचं. खोटं बोलायचं हुतं तर निभवायचं. तुमाला धड येकबी जमलं न्हाई. माज्या जिवाचा खेळ केला तुमी, अन् त्या खंडूच्या पोरींचाबी." ते खरं होतं, म्हणून आनंदाला अधिकच लागलं. पाच महिने झाकलेलं नाव त्याने रागाच्या एका झटक्यात चव्हाट्यावर आणलं होतं, आणि त्यात त्याचा स्वतःचा फायदा तर दमडीचा नव्हता. त्यानंतर रत्नाबाई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

सोमवारी दुपारी शिपाई कागद देऊन गेला. एकतीस ऑक्टोबरपासून नाव कमी. पंधरा नोव्हेंबरच्या आत खोली रिकामी करून किल्ली द्यावी. खाली टिपणीस साहेबांची सही, घाईत केलेली. शिपायाने जाता जाता सांगितलं की खंडेरावलाही घरी बसवलंय. आनंदाने कागद दोनदा वाचला आणि घडी करून देव्हाऱ्यात ठेवला, कारण दुसरी जागा सुचेना.

मग त्याने काडेपेटी काढली. का, ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता कुणाला दाखवायचं नव्हतं. पण ते यंत्र खोटं बोलत त्या खोलीत उभं होतं, आणि ते त्याला बघवेना. त्याने डाग द्यायचं लोखंड तापवलं, डाव्या हातात धरलं, आणि कपॅसिटरची एक तार उजव्या अंगठ्याखाली दाबली. अंगठ्याने ती धरून ठेवली. पहिला डाग निघाला. दुसरा बसला.

रत्नाबाई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. आनंदाने तिला गोळ्या भरायला सांगितलं नाही. स्वतःच चिपटं भरलं, स्वतःच पन्हळीत ओतलं, आकडे शून्यावर आणले आणि पाटावर बसला. टक्. टणटणटण. टप्. लाल आकडा झाला एक.

त्याने दुसरी मारली. दोन. तिसरीला तीन. कालच्या मारामारीने अंगठा सुजून लाकूड झाला होता, दर खटक्याला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मधल्या दोन गोळ्या अर्ध्यावरून परत आल्या. तो मारत राहिला. त्याने आकड्यांकडे बघायचं सोडलं होतं. नुसता खटका, नुसती ती कळ. आणि एका गोळीची टप् झाल्यावर चुलीकडून आवाज आला.

"बारा."

आनंदाने वर बघितलं. आकडा बारा होता. रत्नाबाईने मान वळवली नव्हती. तिचे हात पिठात होते.

त्याने पुढची मारली.

"तेरा," ती म्हणाली.

मग ती मोजत राहिली आणि तो मारत राहिला. एकदा तव्यावरची भाकरी करपली, ती तिने उलटली नाही. विसाच्या पुढे तिचा आवाज घोगरा झाला. तिसाच्या पुढे आनंदाला काचेमागचे खिळे दिसेनासे झाले, पण आकडे ऐकू येत होते. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. पुढच्या गोळीला अंगठ्याने खटका दाबला, आणि सुटल्यावर तो पुन्हा वळलाच नाही. आनंदाने डाव्या हाताने तो धरून मांडीवर ठेवला.

"त्रेचाळीस," रत्नाबाई म्हणाली, आणि पुढची टप् ऐकायला थांबली.

यंत्रातही त्रेचाळीसच होते. खोली सोडायला एकोणीस दिवस उरले होते.